खटका बसेपर्यंत

१

आमच्या गाडीकडे बघून लोक ओरडायचे. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला काचेवर टकटक करायचा, फुटपाथवरून कुणीतरी हात हलवायचं, एकदा तर एक आजोबा काठी उगारून आमच्या मागे धावले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "अहो, झाकण उघडं आहे!" पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावरचं ते तळहाताएवढं झाकण. दाबलं की टक् असा आवाज यायचा, बसलंय असं वाटायचं, आणि पहिल्याच खड्ड्याला ते पुन्हा बाहेर.

गाडी बायकोची. मी चालवत नाही. माझा उजवा डोळा लहानपणापासून नावापुरताच आहे, आणि चष्म्याच्या दुकानदाराचा डोळा अधू असावा यावर गल्लीत विनोद करून झाले आहेत. ती मात्र लोकांना गाडी शिकवते. ड्रायव्हिंगच्या शाळेच्या गाड्या वेगळ्या. ही तिची स्वतःची, कुठल्याही शिकाऊ माणसाला हात न लावू दिलेली. मी तिला मास्तरीण म्हणतो. ती मला 'अहो चष्मेवाले' म्हणते, आणि त्यात अर्धं प्रेम, अर्धी तक्रार असते.

नको तेव्हा उघडणारं ते झाकण हवं तेव्हा उघडायला मात्र दोन माणसं लागतात. चालकाच्या सीटखाली एक दांडी आहे. ती ओढली की तार ताणली जाते आणि मागचा खटका सरकतो. पण झाकणाची स्प्रिंग मेलेली, त्यामुळे ते आपणहून वर येत नाही. बाहेर दुसऱ्याने नख घालून ते ओढावं लागतं. म्हणजे ती आत, मी बाहेर. मी ओरडणार, "ओढ!" ती दांडी ओढून धरणार आणि धरली आहे हे मला कळावं म्हणून अंगठी स्टिअरिंगवर दोनदा आपटणार, टक टक. आतल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. म्हणून आमचा एक नियम होता, अर्थात तिनेच केलेला. बाहेरचा जोवर "झालं, उतर" म्हणत नाही, तोवर आतल्याने जागेवरून हलायचं नाही. एकदा मी बोलण्याच्या नादात ते म्हणायला विसरलो आणि समोरच्या दुकानात गप्पा मारत उभा राहिलो. परत आलो तर बाई तशीच बसलेली, दांडी धरून, लालबुंद चेहऱ्याने. उतरली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. नियम म्हणजे नियम.

तिच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया साधी आहे, रोज होते, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी तेच सांगितलं म्हणून मला जास्त भीती वाटली. आत नेण्याआधी तिने अंगठी काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "इथे येरझाऱ्या घालून लोकांना पिडू नका. घरी जा आणि ते झाकण बसवा. मी येईन तेव्हा मला ते बसलेलं हवंय."

"आणि तू नाही आलीस तर?" मी थट्टेत म्हणालो. थट्टेतच म्हणालो होतो.

"मग काय, उघडं ठेवा आयुष्यभर," ती म्हणाली, आणि स्ट्रेचर आत गेलं.

मेव्हणी तिथे बसली. तिनेही मला हाकललंच.

२

घर वर, गाडी खाली. गाडीची खोली अरुंद आहे. गाडी आत घातली की एका बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा उरते, दुसऱ्या बाजूला दार जेमतेम उघडेल एवढी. झाकण एका बाजूला, चालकाचं दार दुसऱ्या. वरच्या जाळीतून दुपारचं ऊन पडतं आणि त्यात धूळ तरंगत असते. मी दुकानातले बारीक स्क्रू-ड्रायव्हर, जुना दात घासायचा ब्रश आणि तेलाची कुपी घेऊन स्टुलावर बसलो.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हातांना काम मिळालं की डोकं जरा गप्प बसतं. झाकण उघडंच होतं. खटक्याच्या भोकात मळीचा गोळा झाला होता, तो खरवडून काढला. खटक्याची पिन गंजली होती, तिला तेल पाजलं. झाकण दाबलं. टक्. वा! आता उघडून बघायचं. मी फटीत नख घातलं, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि सवयीने ओरडलो, "ओढ!"

पिन सरकली. झाकण माझ्या नखावर अलगद उघडलं.

मी पुढचं काम करायला लागलो. ब्रशने कड साफ करत होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत कुणीच नाही.

मी भित्रा आहे, पण मूर्ख नाही. तेल पाजल्यावर अडकलेली पिन सुटते. ताणून राहिलेली तार कधीतरी सैल पडतेच. मी ओरडलो आणि ती सुटली, हा योगायोग. मी स्वतःला हे इतक्या शहाण्यासारखं समजावलं की समोर गिऱ्हाईक असतं तर त्याने दोन चष्मे घेतले असते. मग झाकण पुन्हा दाबलं. टक्. नख घातलं. ओरडलो नाही, नुसता थांबलो. काहीच झालं नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"ओढ," मी हळू म्हणालो.

तारेचा खर्र असा आवाज सीटखालून निघाला, गाडीच्या पोटातून माझ्याकडे आला आणि झाकण उघडलं.

३

मागून वळसा घालून मी चालकाच्या बाजूला गेलो. अंग चोरून, भिंतीला पाठ घासत. काचेतून बघितलं. सीट रिकामी होती. सीटखालची दांडी मात्र वर होती, कुणीतरी ओढून धरावी तशी, आणि माझ्यादेखत ती सावकाश खाली बसली.

कुणी दुसरा असता तर तिथून पळाला असता. मी का पळालो नाही? कारण त्या सावकाश खाली बसण्यात मला काहीतरी ओळखीचं दिसलं. मास्तरीण दांडी कधी झटकन सोडत नाही. तार तुटते म्हणते. शाळेतल्या पोरांना ती हेच शंभरदा सांगते, सोडायचं ते सावकाश.

मी परत स्टुलावर येऊन बसलो.

"तू आहेस का?" मी विचारलं.

काही नाही.

"बरं. ओढ."

खर्र. झाकण उघडलं. आणि मग पुढून, स्टिअरिंगच्या जागेवरून, टक टक.

मी खिशाला हात लावला. अंगठी खिशातच होती.

आता मला कुणी वेडा म्हणालं तरी चालेल, पण त्यानंतरची दुपार मी आनंदात घालवली. एकटा नव्हतो मी. हॉस्पिटलच्या त्या फिनेलच्या वासाच्या बाकावर बसण्यापेक्षा हे किती बरं होतं. मी खटका खोलला, पुसला, परत लावला, आणि सबंध वेळ बडबडत होतो. तिच्या बहिणीची नक्कल केली. डॉक्टरांच्या चष्म्याचा नंबर चुकीचा आहे हे मी लांबूनच कसं ओळखलं ते सांगितलं. झाकण बसवायचो, "ओढ" म्हणायचो, ती ओढायची. झाकण बसायचं, पण दोन बोटांनी हलवलं की सुटायचं. एकदा मला वेळ लागला तेव्हा टक टक लागोपाठ आली, चिडलेली. "झालं गं, झालं," मी म्हणालो आणि हसलो. घरात ती अशीच चमचा आपटते.

फोन वाजला. मेव्हणीचा.

"भाऊजी, शस्त्रक्रिया झाली. छान झाली म्हणतायत."

जीव भांड्यात पडला. "बोलली का काही?"

"अजून शुद्धीवर नाही आली. बाकीचे पेशंट मघाशीच उठले. नर्स म्हणते कुणाकुणाला वेळ लागतो." मग आवाज बारीक करून म्हणाली, "हाका मारल्या तर ऐकू येतंय असं वाटतं, भाऊजी. पण ताईचं लक्षच नाही. दुसरीकडेच कुठेतरी आहे."

स्टिअरिंगवर टक टक वाजलं. माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

४

तोवर मला एवढी साधी गोष्ट कशी सुचली नव्हती? ती इथे बसली होती म्हणजे तिथे नव्हती. आणि मी तिला नकला करून दाखवत होतो.

"जा," मी म्हणालो. "अगं, तिथे थांबलेत तुझ्यासाठी. जा ना."

टक टक.

जाणार कशी? काम अर्धं होतं. झाकण बसल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती. तीस वर्षांचा संसार आहे, मला सांगायला नको. चर्चा करण्यात अर्थ नव्हता, काम उरकायला हवं होतं. मी पुन्हा खटक्यात डोकं घातलं. खरी चूक पिनेची नव्हतीच. झाकणाच्या आतल्या अंगाला जो वाकडा ओठ असतो, जो पिनवर जाऊन अडकतो, तो झिजून गुळगुळीत झाला होता. त्यामुळे तो अडकायचा, पण टिकायचा नाही. दुकानात चष्म्याची काडी वाकवतात तसा तो वाकवायला हवा होता, केसभर, जास्त नाही. जास्त वाकवला तर तुटणार. तुटला तर ती तिथेच बसून राहणार. माझ्या हाताला घाम फुटला होता. चिमटा दोनदा निसटला. चांगला डोळाही पाण्याने भरला आणि मी शर्टाच्या बाहीला तो पुसत, देवाला नाही, तिलाच विनवत होतो, थांब, जरा थांब, झालंच.

ओठ वाकला. झाकण दाबलं. या वेळी आवाज वेगळा आला, भरीव. दोन बोटांनी हलवलं, मुठीने हलवलं, वर तळहाताने थापट्या मारल्या. जागचं हललं नाही. आणि त्याच क्षणी फोन.

"भाऊजी, ताई उठली! डोळे उघडले! या लवकर!"

मी स्टूल लाथेने उडवलं, शटर अर्धवटच ओढलं आणि धावत सुटलो. नाक्यापर्यंत तेलकट हातांनी रडत गेलो आणि रिक्षावाल्याने काही न विचारता मला बसवून घेतलं.

५

ती उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण तीच. तीच हनुवटी, तोच कपाळावरचा वण. मी अंगठी तिच्या बोटात घातली, बरोबर बसली.

"झाकण बसलं," मी म्हणालो. मला शाबासकी हवी होती. किंवा निदान 'इतका वेळ लागला?' एवढं तरी.

"कुठलं झाकण?" तिने विचारलं. मग माझा पडलेला चेहरा बघून माझ्या हातावर हात ठेवला. "बसलं ना? छान झालं हो."

मेव्हणीने मला खूण केली. औषधांचा अंमल. मलाही ते पटलं. माणूस एवढ्या गुंगीतून उठला की जरा हरवलेला असायचाच.

तिला घरी आणलं, मेव्हणीच्याच गाडीतून. घरी आल्यावर हळूहळू ती बरी झाली. तिला सगळं आठवत होतं. माझा वाढदिवस, गॅसवाल्याचा नंबर, शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, टाकीचं झाकणसुद्धा. मी मुद्दाम खोदून खोदून विचारलं आणि तिने एकही उत्तर चुकवलं नाही. फक्त ती चिडायची नाही. मी ओला टॉवेल पलंगावर टाकला, तिने तो उचलून वाळत घातला आणि माझ्याकडे बघून हसली. रात्रीचं काय करू विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला आवडेल ते." तीस वर्षं हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आता ऐकलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचो.

तरी माझा तिच्यावर जीव जडत होता, हेही सांगतो. ती माझ्याकडे टक लावून बघायची, नव्या सुनेसारखी, आपलं काही चुकत तर नाही ना अशा नजरेने. चादरीची घडी घालताना टोकं जुळली नाहीत तर घाबरायची. अशा माणसाशी कठोर वागवत नाही.

आणि खालून आवाज यायचा. दिवसाढवळ्या. मी जिन्यात उभा राहिलो की यायचा. टक टक. जरा थांबून, टक टक. चिडका नव्हता तो आता. दमलेला होता.

पाइप तापला की वाजतो, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की खालच्या खोलीत पाइप नाही. आणि मग, जिन्याच्या मधल्या पायरीवर, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी त्या दिवशी झाकण बसवलं होतं, फोन घेतला होता आणि धावत सुटलो होतो. "झालं, उतर," एवढं म्हणायचं राहिलं होतं.

६

"जरा खाली येतेस?" मी तिला विचारलं. "तुझ्या गाडीत बसून बघ. बरं वाटेल."

माझा बेत सरळ होता. एकीला दुसरीच्या जागेवर बसवायचं, आणि उतर म्हणायचं. जे उतरेल ते एकच असेल. त्यात शास्त्र नव्हतं, पण शिवणीचे दोन काठ जुळवतात तसं काहीतरी माझ्या मनात होतं.

ती आली. माझा दंड धरून जिना उतरली. शटर वर केलं तशी धूळ उडाली आणि जाळीतल्या उन्हात तरंगत राहिली. ती भिंतीला पाठ घासत चालकाच्या दारापर्यंत गेली. तिने दार उघडलं, एक पाय आत घातला, वाकली, आणि तशीच थांबली. मग पाय हळूच बाहेर काढला. दार इतकं जपून लावलं, जसं आत कुणी झोपलेलं असावं.

"इथे कुणीतरी बसलंय हो," ती म्हणाली.

घाबरलेली नव्हती. गर्दीच्या बसमध्ये आपल्या जागेवर कुणी बसलेलं दिसावं आणि आपण मुकाट्याने उभं राहावं, तसं म्हणाली. वळसा घालून ती माझ्या बाजूला आली आणि झाकणापाशी माझ्या शेजारी उभी राहिली.

"कोण दिसलं?" मी विचारलं.

"तोंड पलीकडे होतं तिचं." तिने दाराकडे मान वळवली. "दमलीय बिचारी. दांडी धरून बसलीय."

मी काय करायला हवं होतं? उतर म्हणालो नसतो तर ती तिथे बसूनच राहिली असती, दिवसचे दिवस, माझ्या एका शब्दासाठी. तिला कुणी विचारलं नसतं, पाणी दिलं नसतं. आणि तिच्यासारखी हट्टी बाई जगात दुसरी नाही. मी झाकणावर हात ठेवला. ते पक्कं बसलेलं होतं, गाडीच्या अंगाशी एकजीव.

"झालं गं," मी म्हणालो. "कधीच झालंय. उतर."

दांडी सावकाश सुटल्याचा आवाज आला. मग पलीकडचं दार उघडलं. मला गाडीच्या टपावरून पलीकडे काही दिसलं नाही, दिसली ती भिंतीवर हललेली सावली. पण माझा हात झाकणावर होता, म्हणून मला कळलं. सीटवरून कुणी उठलं की गाडी जशी उचलली जाते, तशी ती किंचित वर आली.

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोने माझा डावा हात धरला. दोन्ही हातांनी. तिचे हात थंडगार होते. घरी आल्यापासून तिने माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तिला वर नका ना नेऊ."

भिंतीला पाठ घासत कुणीतरी गाडीच्या मागून वळसा घालून येत होतं. पाय जरा ओढत, फार वेळ बसून आखडलेल्या माणसासारखं. मी हिचा हात घट्ट धरला. खोटं कशाला सांगू, सोडवेना तो. आणि उजवा हात मी पुढे केला.